वॉकीटॉकीच्या कार अॅडॅप्टरचा फ्यूज उडाला: नवा कुठला घ्यायचा?

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी छाटली आहे आणि शोधायला सोपं जावं म्हणून मधे उपशीर्षकं घातली आहेत. बाकी बोललो तसंच.)

आजचा विषय दिसायला अगदीच किरकोळ आहे. पेनाच्या टोपणापेक्षा लहान, काचेची नळी, आत केसासारखी तार, किंमत काही रुपये. फ्यूज. तोही घरातला नाही, तर वॉकीटॉकी गाडीच्या लायटर सॉकेटवर चालवतो ना, त्या अॅडॅप्टरच्या प्लगमधला.

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. त्यांच्याकडे हॅम रेडिओचा परवाना आहे. घाटात मोबाईलला रेंज नसते, म्हणून दोन गाड्या निघाल्या की दोन्हींत एकेक पाच वॅटचा हँडसेट असतो. एका गाडीतला अॅडॅप्टर अचानक बंद पडला. प्लग उघडला तर आत काचेचा फ्यूज, तार तुटलेली. तो घेऊन ते दुकानात गेले. दुकानदाराने डब्यात हात घातला, त्याच आकाराचा दुसरा काढून दिला आणि म्हणाला, "हा दहाचा आहे, परत उडणारच नाही." प्रश्न असा, की हा लावू का?

उत्तर आधीच देतो: नको. पण नुसतं "नको" म्हणून भागत नाही. मग कुठला लावायचा, तो ओळखायचा कसा, आणि दहाचा लावला तर नेमकं काय बिघडतं, हे तिन्ही आज बघू. हे सगळं हँडसेटच्या डेस्क चार्जरच्या कार प्लगला, टायर इन्फ्लेटरला, डॅशकॅमलाही लागू आहे. फक्त आकडे बदलतील.

आधी खात्री करा: फ्यूजच गेलाय का?

सेट चालू होत नाही म्हटलं की आपण थेट प्लग उघडायला घेतो. थांबा. गाडीच्या बॅटरीपासून तुमच्या सेटपर्यंत साधारणपणे दोन फ्यूज असतात. पहिला गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये, लायटर सॉकेटसाठीचा. दुसरा अॅडॅप्टरच्या प्लगमध्ये. कुठला गेलाय ते दोन मिनिटांत कळतं.

त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा. इग्निशन चालू ठेवा, कारण बऱ्याच गाड्यांत किल्ली फिरवल्याशिवाय सॉकेटला करंट येत नाही. चार्जर चालला तर गाडी ठीक आहे, दोष अॅडॅप्टरकडे. चार्जरही चालला नाही तर गाडीच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता बघा. तिथे काचेचे नसतात, प्लास्टिकचे चपटे, दोन पात्यांचे ब्लेड फ्यूज असतात. त्यांचे रंग ठरलेले आहेत: ७.५ अँपिअर तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. जो रंग निघाला तोच परत लावायचा. आकार मात्र नीट बघा, कारण साधा, मिनी आणि त्याहून लहान अशा वेगवेगळ्या मापांत ते येतात.

आता अॅडॅप्टरकडे. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, म्हणजे बीप वाजणाऱ्या खुणेवर, आणि फ्यूजच्या दोन्ही टोप्यांना टोकं लावायची. फ्यूज प्लगमधून बाहेर काढूनच तपासा. बीप आला तर फ्यूज शाबूत. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. कधी कधी तार मधे नीट दिसते, पण धातूच्या टोपीच्या आत तुटलेली असते.

आणखी एक लक्षण सांगतो, कारण यात गोंधळ फार होतो. सेट चालू होतो, समोरच्याचं ऐकू येतं, पण बोलायला पीटीटी दाबलं की सेट बंद होऊन परत सुरू होतो. हा फ्यूज उडाल्याचा प्रकार नाही. फ्यूज उडाला तर ऐकूही येणार नाही. ऐकताना हँडसेट फार थोडा करंट घेतो, एक अँपिअरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. बोलताना तोच दीड अँपिअरपर्यंत जातो. म्हणजे वाटेत कुठेतरी सैल कॉन्टॅक्ट आहे, स्प्रिंग गंजलीये किंवा सॉकेट मळलंय. करंट वाढला की तिथेच व्होल्टेज पडतं. आधी ते साफ करा.

प्लग उघडायचा कसा

प्लगच्या टोकाला गोल रिंग असते, तिच्यातून मधला धातूचा टोक बाहेर डोकावतो. ती रिंग घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की सुटते. फार घट्ट असेल तर पकडीने धरा, पण मधे कापड घाला, नाहीतर रिंगचं प्लास्टिक चेपतं. प्लग अर्थातच सॉकेटमधून काढून, आणि खाली ताट किंवा रुमाल पसरून. आत स्प्रिंग असते, ती उडते आणि सीटखाली गेली की सापडत नाही.

साधारण क्रम असा: रिंग, मग टोक, मग फ्यूज, मग स्प्रिंग. काढताना मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. मधलं टोक पॉझिटिव्ह, बाजूच्या दोन पट्ट्या निगेटिव्ह. फ्यूज पॉझिटिव्हच्याच वाटेत बसवलेला असतो.

काही स्वस्त प्लग उघडतच नाहीत, चिकटवलेले असतात. काहींत फ्यूजऐवजी नुसता धातूचा दांडा निघतो. असा प्लग मिळाला तर तो सरळ बदला, आतमध्ये फ्यूज असलेला घ्या. प्लग सुट्टाही मिळतो, दोन वायरी सोल्डर करायच्या.

फ्यूजवरची ती बारीक अक्षरं

आता मुख्य भाग. जुना फ्यूज टाकून देऊ नका, तोच तुमचा नमुना आहे. टोपीच्या कडेवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. मोबाईलचा कॅमेरा झूम करून, तिरका उजेड पाडून वाचा. उदाहरणार्थ, "एफ २ ए एल २५० व्ही". यात चार गोष्टी लिहिल्यात, आणि मोजमाप ही पाचवी.

मोजमापापासून सुरू करू. काचेच्या फ्यूजची आपल्याकडे सर्रास मिळणारी दोन मापं आहेत. लहान, म्हणजे ५ मिलिमीटर जाड आणि २० मिलिमीटर लांब. आणि मोठा, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर जाड आणि ३० ते ३२ मिलिमीटर लांब. दुकानात यांना "छोटा ग्लास" आणि "मोठा ग्लास" म्हटलं की कळतं. कंपासपेटीतली पट्टी लावली तरी फरक दिसतो. अमेरिकन बनावटीच्या जुन्या अॅक्सेसरीत याहून आखूड फ्यूजही असतात. तिथल्या मोटारींच्या एका जुन्या मालिकेत तर लांबीच अँपिअरप्रमाणे बदलत जाते, मुद्दाम, म्हणजे मोठ्या अँपिअरचा फ्यूज लहान जागेत बसूच नये. चुकीचा फ्यूज कोणीतरी लावणारच, हे गृहीत धरून केलेलं डिझाइन आहे ते.

लहान फ्यूज मोठ्या जागेत बसवायला चॉकलेटची चांदी कोंबणं हा प्रकार करू नका. कॉन्टॅक्ट सैल राहतो, तिथे उष्णता होते आणि प्लगचं टोक वितळतं. वर ती चांदी सरकून दोन्ही टोप्यांना टेकली तर फ्यूज असून नसल्यासारखा.

दुसरी गोष्ट, अँपिअर. इथे एक गैरसमज आहे. आपल्याला वाटतं २ अँपिअरचा फ्यूज म्हणजे २.०१ झाले की फट्. तसं नसतं. युरोपीय पद्धतीचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०१२७, त्यानुसार फ्यूजने दीडपट करंट किमान एक तास सहन केला पाहिजे. म्हणजे २ चा फ्यूज ३ अँपिअरवर तासभर टिकला तर तो सदोष नाही, मानकाप्रमाणेच वागतोय. आणि २.१ पट करंटला त्याने ठरलेल्या वेळेत उडायलाच हवं. फास्ट प्रकारात ही मुदत ३० मिनिटांची आहे. करंट दहापट झाला तर मात्र तो डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो.

अमेरिकन पद्धतीत हिशेब वेगळा. तिथे १३५ टक्के करंटला फ्यूज एका तासात उडाला पाहिजे, आणि रोजच्या वापरात लिहिलेल्या आकड्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त करंट सतत वाहू देऊ नये असं सांगतात. म्हणजे दोन फ्यूजवर "२" लिहिलंय, पण एक ३ अँपिअरवर तासभर बसू शकतो आणि दुसरा २.७ वर तासाभरात जायलाच हवा. म्हणून जमेल तिथे त्याच पद्धतीचा फ्यूज घ्या.

तिसरी गोष्ट, वेग. "एफ" म्हणजे फास्ट, "टी" म्हणजे सावकाश उडणारा, दुकानातला "स्लो ब्लो". ही अक्षरं मूळ जर्मन शब्दांवरून आलीयेत: फ्लिंक म्हणजे चपळ, ट्रेगं म्हणजे सुस्त. म्हणून "टी" बघून टाइम-बिइम काही आठवलं तरी हरकत नाही, अर्थ तोच निघतो. हा फरक का महत्त्वाचा? अॅडॅप्टरच्या आत कपॅसिटर असतात. प्लग खुपसल्याक्षणी ते भरतात, आणि क्षणभर मोठा करंट ओढतात. बनवणाऱ्याने "टी" दिला असेल आणि तुम्ही "एफ" लावलात, तर प्लग लावताना तो विनाकारण उडू शकतो. उलट केलंत, म्हणजे "एफ"च्या जागी "टी", तर बिघाडाच्या वेळी तो उशिरा उडेल.

चौथी, व्होल्ट. "२५० व्होल्टचा फ्यूज १२ व्होल्टला कसा चालेल?" हा प्रश्न हमखास येतो. चालतो. तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा आहे. फ्यूज उडाल्यावर मधल्या फटीत ठिणगी टिकून राहू नये, ती किती व्होल्टपर्यंत विझेल, हे त्यावरून कळतं. उलट मात्र कधीच चालत नाही. गाडीसाठीचा ३२ व्होल्टचा फ्यूज घरच्या २३० व्होल्टच्या उपकरणात लावायचा नाही.

आणि शेवटचं "एल" किंवा "एच". फ्यूज स्वतः न फुटता किती मोठा करंट तोडू शकतो त्याची ही खूण. काचेचे बहुतेक "एल", म्हणजे कमी क्षमतेचे. आत वाळू भरलेले पांढरे सिरॅमिक "एच", म्हणजे जास्त. काचेच्या जागी त्याच मापाचा, त्याच अँपिअरचा आणि त्याच वेगाचा सिरॅमिक मिळाला तर खुशाल घ्या. सिरॅमिकच्या जागी काच मात्र नको.

दहाचा का नको: जरा हिशेब

आता त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. पाच वॅटचा हँडसेट बोलताना अँटेनाकडे ५ वॅट पाठवतो, पण त्यासाठी बॅटरीतून साधारण ११ वॅट ओढतो. बाकीची उष्णता होते, म्हणून जास्त बोललं की सेट गरम लागतो. बॅटरी ७.४ व्होल्टची, म्हणजे करंट साधारण १.५ अँपिअर.

गाडीत आपण बॅटरीच्या जागी बॅटरी एलिमिनेटर बसवतो, बॅटरीच्याच आकाराची पोकळ डबी, तिला गुंडाळीची वायर आणि टोकाला लायटर प्लग. आत साधा लिनिअर रेग्युलेटर असेल तर जेवढा करंट सेटला, तेवढाच गाडीतून: १.५ अँपिअर. इंजिन चालू असताना गाडीचं व्होल्टेज १३.८ च्या आसपास असतं, म्हणजे गाडीतून जवळपास २१ वॅट निघतात, ११ सेटला, उरलेले जवळपास १० रेग्युलेटर तापवण्यात. आत स्विचिंग सर्किट असेल तर काम एक अँपिअरमध्ये भागतं. दोन्हींत २ चा फ्यूज ही समजण्यासारखी निवड आहे.

आता वायर बघू. समजा ती पातळ आहे, ०.२५ चौरस मिलिमीटर तांबं, दीड मीटर लांब. करंट जातो आणि परत येतो, म्हणून ३ मीटर धरायची. तिचा रेझिस्टन्स होतो साधारण ०.२ ओहम. वायरमध्ये होणारी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे आपण दहावीत शिकलोय. १.५ अँपिअरला अर्धा वॅटही होत नाही. हाताला कळणार नाही.

आता वायर सीटच्या रेलमध्ये सापडून आतून अर्धवट शॉर्ट झाली, किंवा रेग्युलेटर बिघडला, आणि करंट १५ अँपिअर झाला असं धरा. करंट दहापट, उष्णता शंभरपट: ४५ वॅटच्या वर. आपली साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे जवळपास दोन सोल्डरिंग आयर्न त्या वायरीच्या पोटात, सीट कव्हर आणि फ्लोअर मॅटच्या मधे.

यात २ चा फ्यूज काय करेल? १५ अँपिअर म्हणजे त्याच्या साडेसात पट. वायर तापायच्या आधीच तो गेलेला असेल. आणि १० चा? दीडपट झाले. आत्ताच बघितलं, दीडपटीला एक तास टिकणं हे मानकाप्रमाणे बरोबर आहे. तो फ्यूज शांतपणे बसून राहील. गाडीचा सॉकेटचा फ्यूज १५ चा असेल तर त्याच्या दृष्टीनेही सगळं आलबेल, कारण तो गाडीच्या जाड वायरिंगसाठी निवडलाय, तुमच्या अॅडॅप्टरच्या पातळ वायरीची त्याला कल्पनाच नाही.

म्हणजे "परत उडणारच नाही" हे दुकानदाराचं वाक्य खरंच आहे. अडचण नेमकी तीच आहे.

आपण फ्यूज सेटला वाचवतो असं समजतो. खरं तर आतल्या नाजूक आयसीला वाचवण्याइतका तो चपळ नसतो. तो मुख्यतः वायर पेटू नये यासाठी असतो. जुन्या घरातला पांढरा चिनी मातीचा किटकॅट फ्यूज आठवतोय? सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार भरणारे महाभाग प्रत्येक वाड्यात असायचे. तार जाड केली की फ्यूज उडायचा थांबायचा आणि भिंतीतली वायर फ्यूजचं काम करायला लागायची. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, एरर येतो म्हणून एरर दाखवणारी ओळच कमेंट करून टाकली. प्रोग्रॅम चालतोय असं वाटतं, एवढंच.

नियम एकच लक्षात ठेवा: लहान चालेल, मोठा नाही. लहान लावलात तर वाईटात वाईट, बोलताना उडेल.

अक्षरं पुसलेली असतील तर

कधी टोपीवर काहीच वाचता येत नाही. मग या क्रमाने शोधा. एक, अॅडॅप्टरच्या प्लगवर किंवा त्याच्या कागदावर फ्यूजचा आकडा छापलेला असतो, तो बघा. दोन, सेटच्या मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांवर स्पेसिफिकेशनचा तक्ता असतो. त्यात ट्रान्समिटचा करंट दिलेला असतो, सगळ्यात मोठ्या पॉवरचा आकडा घ्या. तीन, त्या आकड्याच्या सव्वा ते दीडपटीत बसणारा, पण वायरीला झेपणारा, फ्यूज निवडा. १.५ अँपिअरला २ चा झाला.

दुकानात आकडे थोडे विचित्र दिसतील: १.२५, १.६, २, २.५, ३.१५, ४, ५, ६.३. ३.१५ कुठून आला असं वाटतं. प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण सव्वापट असतो, अशा दहा पायऱ्यांत एकाचे दहा होतात. त्या हिशेबात तीनच्या जवळ ३.१५ येतो. दुकानदार त्याला "तीनचा"च म्हणेल.

दुकानात काय मागायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, इथे सगळी मापं मिळतात. बाकी शहरांत टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचे सुटे भाग विकणारं दुकान शोधा. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ब्लेड फ्यूज नक्की मिळतील, पण छोटा ग्लास बहुधा नसतो, आणि असला तर मोठ्या अँपिअरचा असतो.

नुसता "फ्यूज द्या" म्हणू नका. जुना हातात घेऊन जा आणि असं बोला:

"दादा, छोटा ग्लास फ्यूज हवाय, वीस एमएमचा. दोन अँपिअर, फास्ट. पाच द्या."

"दोनचा नाहीये, पाचचा आहे. चालतो की, सगळे हेच नेतात."

"पाचचा नको. दीडचा, एक पॉइंट सहाचा बघा ना."

"थांबा, आत बघतो."

आणि बहुतेक वेळा आत असतो! नसेल तर १.६ घेऊन सेट मीडियम किंवा लो पॉवरवर ठेवायचा. पॉवर कमी केली की करंट उतरतो, आणि डोंगरात दोन गाड्या एकमेकींच्या नजरेत असतील तर एक वॅटलाही छान काम होतं.

घेतल्यावर दुकानातच टोपीवरचं वाचा. एकाच डब्यात वेगवेगळे फ्यूज मिसळलेले असतात. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही, तो घेऊ नका.

नवा लावला आणि तोही उडाला?

मग तिसरा लावायच्या आधी थांबा. उडालेल्या फ्यूजकडे नीट बघा, तो बरंच सांगतो. काच स्वच्छ आहे आणि तार मधोमध वितळून तुटलीये, तर करंट मर्यादेच्या थोडा वर होता, बराच वेळ. म्हणजे ओव्हरलोड: चुकीचा लहान फ्यूज, किंवा तापलेला रेग्युलेटर, किंवा एकाच प्लगवर दोन यंत्रं. काच आतून काळी झालीये किंवा आरशासारखा चंदेरी थर आलाय, तर थेट शॉर्ट. एका क्षणात मोठा करंट गेलाय.

शॉर्ट असेल तर या जागा बघा. प्लगमधून वायर जिथे बाहेर येते ते मानेजवळचं वळण. सीटच्या रेलजवळ किंवा हँडब्रेकपाशी सोललेली वायर. सॉकेटच्या तळाशी पडलेलं नाणं, स्टेपलची पिन, चांदीचा तुकडा. हो, खरंच, नाणं! उघडं सॉकेट म्हणजे पोरांसाठी गल्लाच असतो. ते काढताना इग्निशन बंद, आणि चिमटा धातूचा नको.

आणखी एक कारण म्हणजे गाडीच वेगळी. कारमध्ये १२ व्होल्ट असतात, पण मोठ्या ट्रक-बसमध्ये २४ असतात. लायटर सॉकेट दिसायला सारखंच. अॅडॅप्टरवर "१२–२४" असं लिहिलेलं नसेल तर तिथे लावू नका.

सगळं पाहून काही सापडलं नाही, तर सेट काढून नुसता अॅडॅप्टर सॉकेटला लावा. तरी फ्यूज गेला तर दोष अॅडॅप्टरमध्ये. टिकला, आणि सेट जोडल्यावरच गेला, तर सेटकडे किंवा रेग्युलेटरकडे बघा. ही चाचणी करताना अँटेना लावलेली असू द्या, अँटेनाशिवाय पीटीटी दाबायचं नाही.

गाडीत बसवलेला मोठा सेट असेल तर

थोडक्यात सांगतो. २५, ५० वॅटचे मोबाईल सेट डॅशबोर्डखाली बसवतात. ५० वॅटचा सेट बोलताना १० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. बहुतेक कारच्या लायटर सॉकेटवर १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर ही मर्यादा लिहिलेली असते. त्यामुळे तो सॉकेटवर चालवूच नका. त्याची जाड वायर थेट बॅटरीला जाते, आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलच्या जवळ बसवतात. सेटजवळ बसवला तर मधल्या वायरीला संरक्षणच राहत नाही. आकडा मॅन्युअलमध्ये जो असेल तोच.

जाता जाता

नेमका फ्यूज सापडला की एकावर थांबू नका, चार-पाच घ्या. औषधाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून ठेवा, वर मार्करने "वॉकीटॉकी, २ अँपिअर, फास्ट, छोटा" असं लिहा आणि डबी गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका. चांदी गुंडाळायचा मोह घाटातच होतो, कारण तिथे दुकान नसतं, अंधार पडत असतो आणि पुढची गाडी दिसत नसते. डबी असेल तर तो प्रश्नच येत नाही. सोबत सेटची मूळ बॅटरी चार्ज करून ठेवाच. अॅडॅप्टर मेला तर एलिमिनेटर काढून बॅटरी लावायची, फ्यूजचं काम घरी गेल्यावर.

आपल्या या छंदाकडे लोक खेळ म्हणून बघतात. पण डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानमध्ये बाकीचं दळणवळण कोलमडलं, तेव्हा तिथे आधीच पोचलेल्या हॅम मंडळींनी पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवले होते. वेळ आली की सेट चालायला हवा, आणि तो सुरक्षितपणे चालायला हवा.

तुमच्या अॅडॅप्टरमध्ये कुठला फ्यूज निघाला, ते व्हॉइस नोटवर जरूर कळवा, टोपीवरची अक्षरं वाचून दाखवा. पुढच्या भागात याच गाडीतल्या दुसऱ्या डोकेदुखीवर बोलू: इंजिन चालू केलं की सेटमध्ये येणारी ती किर्र आवाजाची शिट्टी. तोपर्यंत नमस्कार!